बुरुलायच्या खालची पायरी

चोंग-जारच्या ग्रामकचेरीत बुरुलाय सचिव होती. कचेरी म्हणजे चार खोल्या, कोळशाची एक शेगडी आणि अंगणात विटांवर उभी केलेली, चाकं नसलेली सरकारी जीप. दरीतली पाच गावं या कचेरीखाली येत. कुणाच्या घरी मूल झालं, कुणाचं घोडं कुणाच्या कुरणात शिरलं, कुणाच्या पाटाचं पाणी कुणी तोडलं, सगळं शेवटी बुरुलायपाशी येऊन थांबे. प्रमुख आले नि गेले, सचिव तीच राहिली. त्या हिवाळ्यात जुन्या प्रमुखानं राजीनामा दिला आणि नवा येतो येतो म्हणता आलाच नाही, म्हणून त्याचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. गाव तिला एजे म्हणे, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून दहा पावसाळे जास्त पाहिलेली माणसंही एजेच म्हणत.

तिचा नवरा ताशपोलोत. पूर्वी शाळेची बस चालवायचा, बस मोडीत निघाल्यावर घरचा जुना ट्रक चालवू लागला. बोलायला कमी, पण बोलला की लोक हसत. लग्नकार्यात कुणी त्याला टोमणा मारला की काय बाबा, तुझी बायको तर सरकार, तर तो म्हणायचा, "असू दे ना. राजधानीखाली प्रांत, प्रांताखाली जिल्हा, जिल्ह्याखाली माझी बायको. आणि तिच्या खालच्या पायरीवर कोण? मी. मी नसलो तर हे सरकार चालेल कसं?"

घरात तिसरी कालिया, ताशपोलोतची आई. दोघंही तिला एने म्हणत, म्हणजे आई. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. बुरुलाय-ताशपोलोतची मुलगी ओश शहरात दिली होती. घर तसं शांतच.

चोंग-जारच्या डोक्यावरचा डोंगर फाटायला लागून बरीच वर्षं झाली होती. आधी एक भेग पडली, बोट जाईल एवढी. मग कोकरू अडकेल एवढी. तज्ज्ञ येऊन पाहून गेले, वरच्या आळीतली घरं धोक्यात म्हणून खुणा झाल्या, खाली सडकेच्या कडेला त्या लोकांना जागा मिळाल्या. लोकांनी भिंती उभ्या केल्या. पण तिकडे पाण्याचा नळ येता येता राहिला, आणि पाण्याशिवाय गुरं कशी ठेवणार? मग एकेक करून सगळे वर परतले. म्हातारा मामासालीनं तर खालच्या नव्या घरात गवत भरून ठेवलं आणि दाराला कुलूप घातलं. बुरुलाय दर वसंतात त्याच्याकडे जाई, खाली या म्हणून सांगे. तो तिला चहा पाजी, साय आणि नान पुढे करी आणि म्हणे, "एजे, हा डोंगर माझ्या आजानं पाहिला, बापानं पाहिला. तो मला ओळखतो." त्याची बायको मान डोलवी. सून नाझिगुल मात्र काही बोलत नसे. तिचा नवरा एल्दियार रशियात इमारतींच्या कामावर होता.

त्या एप्रिलमध्ये आधी ओला बर्फ पडला आणि त्याच्या मागोमाग पाऊस लागला तो हटेना. अक्रोडाच्या झाडांखाली चिखल मऊ लोण्यासारखा झाला. एका सकाळी राजधानीतून प्रांताला निरोप सुटला, प्रांतानं तो जिल्ह्याला दिला आणि जिल्ह्याच्या ठाण्यावरच्या माणसानं बुरुलायला फोन केला. संध्याकाळच्या आत वरची आळी रिकामी करा, शाळेत सोय करा, झालं की कळवा. बुरुलाय तेव्हा घरी चहाला बसली होती. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पुढे हा निरोप कुणाला द्यायचा? कचेरीत शिपाई नव्हता, जीपला चाकं नव्हती. समोर ताशपोलोत नान सायीत बुडवून खात होता.

"जाता का ट्रक घेऊन?" ती म्हणाली. "म्हातारा माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो."

"हुकूम आहे की विनंती?"

"हुकूम वरून आलाय. विनंती माझी."

त्यानं हात पुसले, टोपी घातली. कालियानं मागून हटकलं की चहा तरी पुरा कर. आल्यावर करतो, असं म्हणून तो गेला.

पहिल्या खेपेला तो दोन कुटुंबं घेऊन आला. गाद्या, चहाचं पाणी उकळायचा समोवार, पिंजऱ्यातल्या कोंबड्या. बुरुलाय शाळेच्या व्यायामशाळेत सतरंज्या अंथरत होती. ट्रकच्या खिडकीतून तो म्हणाला की मामासाली तयार झालाय, पण त्याला आधी गाय सोडवायचीय. एवढं बोलून दुसऱ्या खेपेला वर गेला.

आवाज आला तेव्हा बुरुलायला वाटलं, कुणीतरी खडीचा ट्रक रिकामा करतंय. मग वाटलं, एका ट्रकची खडी एवढा वेळ कशी पडेल. ती बाहेर आली. वरची आळी जिथं होती तिथं ओली तांबडी माती होती. त्या मातीवर अक्रोडाची झाडं तशीच उभी होती, सरळ, फांद्या न मोडता. फक्त सकाळी जिथं होती तिथं नव्हती.

तिनं जिल्ह्याला फोन लावला. तिच्या मागे बायका ओरडत होत्या, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बोलली. दरड आली. वरची आळी गेली. सडक तुटलेली नाही, यंत्रं येऊ शकतील. विजेची तार पडलीय, ती आधी बंद करायला सांगा. समोरच्यानं आत कोण कोण आहे ते विचारलं. तिनं मामासालीचं नाव सांगितलं, त्याच्या बायकोचं सांगितलं, नाझिगुलचं सांगितलं. मग ताशपोलोतचं सांगितलं. त्यानं आडनाव विचारलं. तिनं आपलंच आडनाव सांगितलं.

पलीकडून प्रश्न आला, "एजे, हे तुमचे कोण?"

"नवरा. पुढचं लिहून घ्या."

पुढं काय लिहायचं होतं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तरी ती बोलत राहिली.

सगळ्यात आधी धावली ती गावातली माणसं, फावडी घेऊन. त्यानंतर जिल्ह्याची माणसं आली, त्यांच्याबरोबर पोलीस आणि रुग्णवाहिका. दुपार कलताना प्रांताची आली, पिवळी खोदयंत्रं आणि सैनिकांचे तंबू घेऊन. दुसऱ्या दिवशी राजधानीची आली. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एक लांब टेबल होतं. आधी त्याच्या डोक्याशी जिल्ह्याचा अधिकारी बसला. प्रांताचा कर्नल शेरबोतो आल्यावर तो उठून बाजूला सरकला. राजधानीचे साहेब आल्यावर कर्नलही सरकला. असं सरकता सरकता बुरुलायची खुर्ची दाराशी आली. पण जो येई तो आधी तिलाच विचारी. आत किती माणसं? घर कुठं होतं? झरा कुठून वाहतो? वरून दुसरी वाट आहे का? तेच तेच तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, एकाच आवाजात, जणू गुरांची मोजणी सांगतेय. नान कुठल्या गावातून येईल, मेंढी कोण देईल, सैनिकांना शौचाला कुठं पाठवायचं, तेही तिनंच सांगितलं. कुणी म्हणालं, एजे, घरी जा, बसा थोडं. तिनं हो म्हटलं आणि डिझेलच्या पिंपांचं काय झालं ते पाहायला गेली.

तिला आपण रडत का नाही याचं नवल वाटत नव्हतं. तिला कसलंच नवल वाटत नव्हतं. हात धुतले तर पाणी गार आहे की गरम ते कळत नव्हतं. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि तिनं तो चहा सगळा पिऊन टाकला.

कालिया ढिगाऱ्याच्या पायथ्याशी एका उलट्या बादलीवर बसून असे. यंत्राचा दात मातीत गेला की ती पुढे वाकायची आणि माती रिकामी निघाली की मागे सरायची. बुरुलाय तिला रोज जेवण नेऊन देई. दोघी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी मामासाली आणि त्याची म्हातारी सापडली, गोठ्याच्या भिंतीशी, एकमेकांजवळ. त्यांना त्याच दिवशी पुरलं. त्यानंतर काहीच सापडेना. ट्रकचा आरसा सापडला, एक चूल सापडली. पाऊस थांबून थांबून पडत होता. एल्दियार विमानानं येऊन पोचला तो अंगावरच्या कपड्यानिशी ढिगाऱ्यावर चढला आणि हातांनी माती उपसू लागला. दोघा सैनिकांनी त्याला धरून खाली आणलं. मग त्याला फावडं दिलं, कारण खणल्याशिवाय तो राहीना.

राजधानीच्या माणसांबरोबर एक भूगर्भतज्ज्ञ बाई आली होती. रशियन, वयस्क, रबरी बूट घातलेली. ती रोज डोंगरावर चढे आणि भेगेत ठोकलेल्या खुंट्या पाहून येई. पाचव्या दिवशी ती खाली आली ती थेट टेबलाशी. म्हणाली की खुंट्यांमधलं अंतर वाढतंय. वरचा तुकडा सुटलाय, पण पडला नाही. यंत्रांचा हादरा त्याला लागतोय. आज पडेल की महिन्यानं, मला सांगता येणार नाही. खाली माणसं असू नयेत एवढं सांगते.

राजधानीचे साहेब कर्नलकडे पाहू लागले. कर्नल जिल्ह्याकडे. थांबवायचा अधिकार वरच्यांना होता, त्यांनी थांबवलंही असतं, पण ज्यांची माणसं आत आहेत त्यांना न सांगता यंत्रं वळवली तर गाव दगड उचलेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेरबोतो चांगला माणूस होता. पाच दिवस दाढी केली नव्हती त्यानं. तो दारापाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "एजे, हे आमच्या तोंडून ऐकतील ते एक, तुमच्या तोंडून ऐकतील ते दुसरं. मी जबरदस्ती करत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी अजून एक दिवस खणतो. माझी पोरं आहेत त्या यंत्रांवर. तरी खणतो."

बुरुलायनं खिडकीतून पाहिलं. एका यंत्रावरचा चालक खाली उतरून अंडं सोलत होता. कोवळा होता, कान पुढे आलेले. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. नाव माहीत नसलेला या दिवसांतला तो एकटाच माणूस असेल, असं तिच्या मनात आलं आणि निघून गेलं.

ती ढिगाऱ्याशी गेली. एल्दियार, त्याचे दोन चुलते, कालिया आणि अर्धं गाव तिथं होतं. तिनं बाईनं सांगितलं ते सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. एल्दियारनं फावडं टेकवलं.

"हे त्यांचं झालं, एजे. त्यांची माणसं आत नाहीत. तुमचा माणूस आत आहे. तुम्ही सांगा. थांबवायचं?"

"थांबवायचं."

"आणि नाझिगुल?"

"नाझिगुल आणि हे, दोघंही इथंच राहतील. आत कुणी जिवंत नाही, एल्दियार. बाहेर आहेत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मारेल की काय असं चुलत्यांना वाटलं, ते पुढे झाले. त्यानं फक्त फावडं खाली टाकलं आणि चिखलात उकिडवा बसला.

कालिया बादलीवरून उठली. कुणाचा हात तिनं घेतला नाही. सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"पाठवलंस तू," ती म्हणाली. "आणि आता आणायचंही तूच थांबवतेस."

म्हातारीनं खोटं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. यंत्रं मागे वळली. जिल्ह्याच्या माणसानं धोक्याची फीत बांधली, पाटी लावली. इमामानं ढिगाऱ्याकडे तोंड करून जनाजाची नमाज पढवली, समोर तिरडी नसताना.

बुरुलायच्या अंगणात राखाडी तंबू उभा राहिला, जसा मयताच्या घरी उभा राहतो. पुरुष काठीवर टेकून बाहेर रडत उभे राहिले, पाहुणे उतरले, तेलात कणकेचे बोरसोक तळले गेले, घोडं कापलं. विधवेनं आत भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि कोशोक म्हणायचं, नवऱ्याचे गुण सांगत गळा काढायचा, अशी रीत. बुरुलाय काळी ओढणी घेऊन बसली. पाहुणे दाराशी आले की मागच्या बायका तिला ढोसत, म्हण. ती तोंड उघडी आणि आवाज येत नसे. शब्द तिला ठाऊक होते. दुसऱ्यांच्या मयतीत तिनंच पुष्कळदा सांगितले होते. शेवटी शेजारची एक बाई तिच्या पाठीशी बसली आणि तिच्या वतीनं गायली. चांगलं गायली. ऐकणाऱ्या सगळ्या रडल्या, कालिया तर ऊर फुटेस्तो रडली. बुरुलाय ऐकत होती आणि तिला वाटत होतं, हा कुणी भला माणूस असला पाहिजे.

गावात बोलणं व्हायचं ते झालं. सरकारी बाई, हिला काय रडू येणार? हे कुजबुजणारेही दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी तिच्याच दाराशी उभे राहत. ती दाखला देई.

प्रेत सापडलं नाही की मृत्यूची नोंद आपोआप होत नाही. न्यायालयानं म्हणावं लागतं. एल्दियारसाठी तिनं जिल्ह्याच्या खेपा घातल्या, तशा स्वतःसाठीही. निकाल आला तेव्हा दोन्ही नोंदी तिनंच केल्या, आधी नाझिगुलची, मग ताशपोलोतची. अक्षर दोन्हीकडे सारखं आलं. एल्दियार दाखला घ्यायला आला तेव्हा त्यानं तो उभ्याउभ्या वाचला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं."

"मग द्यायच्या होत्यास."

"सुचल्या नाहीत." दाखला खिशात ठेवून तो गेला. काही दिवसांनी पुन्हा रशियाला गेला.

आणि डोंगर? डोंगर पडला नाही. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही, सबंध उन्हाळाभर नाही. सुटलेला तुकडा तसाच लोंबकळत राहिला. लोक मान वर करून पाहत आणि बुरुलाय दिसली की मान खाली घालत. अजून दोन दिवस खणलं असतं तर? हे तिला कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःला विचारलं नाही. उत्तर कुठून आणणार? शरदात खालच्या वस्तीला नळ आला. जिल्हा म्हणाला प्रांतानं आणला, प्रांत म्हणाला राजधानीनं. वरच्या आळीतली उरलेली माणसं खाली राहायला गेली.

कालिया सुनेचं घर सोडून गेली नाही. ओशहून नात आली होती न्यायला, तिला तिनं परत पाठवलं. दोघी एका सोफ्ऱ्यावर, जेवणाच्या चादरीवर, जेवत. आधी बोलणं फक्त कामापुरतं होतं: मीठ दे, शेगडीत कोळसा घाल, गुडघ्याला मलम चोळ. ढिगाऱ्यापाशी जे बोलली ते म्हातारीनं कधी परत घेतलं नाही. सुनेनंही त्याची वाट पाहिली नाही. एकदा हिवाळ्यात मलम चोळताना कालिया म्हणाली, "रात्री झोपेत तू बडबडतेस."

"काय बडबडते?"

"विजेची तार, विजेची तार."

बुरुलायनं मलमाचं झाकण लावलं.

नवा प्रमुख पुढच्या वसंताच्या तोंडावर आला. पोरसवदा, शिकलेला, कामाला बरा. पण पहिल्याच मोठ्या पावसात जिल्ह्याचा फोन आला तो सवयीनं बुरुलायच्याच घरी. या खेपेला दरीतलं दुसरं गाव, ओढ्याकाठची पाच-सहा घरं, पाणी चढतंय, हलवा. तिनं प्रमुखाला कळवलं. जीपला आता चाकं होती. ती कोट घालत होती तेवढ्यात कालिया भिंत धरून उठली आणि बूट शोधू लागली.

"तुम्ही कुठं निघालात, एने?"

"तिथली ती बतमा म्हातारी. ती तुझं ऐकणार नाही. तू गेलीस की चहा करत बसेल."

"आणि तुमचं ऐकेल?"

"माझं ऐकेल. मला ती घाबरते. आणि मी काय गमावून आले ते तिला माहीत आहे."

जीपमध्ये पुढे प्रमुख आणि चालक, मागे या दोघी. ओढ्याकाठी म्हातारी बतमा खरंच समोवार पेटवत होती. कालिया दारातूनच म्हणाली, "समोवार उचल, तसाच पेटलेला. ऊठ." बतमानं तिच्याकडे पाहिलं आणि उठली. तिच्यामागे बाकीची घरं उठली. गाई आधी सोडायच्या की माणसं, यावर थोडी वादावादी झाली. कालियानं काठी आपटली, माणसं आधी.

शाळेच्या व्यायामशाळेत त्या लोकांनी दोन दिवस काढले. पोरं दोरीवर लोंबकळली, म्हाताऱ्यांनी पाठी दुखतात म्हणून कुरकुर केली, कुणीतरी म्हणालं की उगाच उठवलं, घरी मेंढ्या व्यायला आल्यात. ओढा चढला, काठाशी आला आणि उतरला. कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. तिसऱ्या दिवशी लोक गाद्या उचलून घरी गेले, जाताना बतमा कालियाला चार शब्द सुनावून गेली.

बुरुलायनं सतरंज्या घडी केल्या. मग जिल्ह्याला फोन लावला. ठाण्यावर तोच माणूस होता, आवाजावरून तिनं ओळखलं, त्यानंही ओळखलं असावं. माणसं परत गेली, ती म्हणाली. घडलं काही नाही. त्यानं विचारलं, "एवढंच कळवू वर?"

"एवढंच," ती म्हणाली.

बाहेर कालिया पायरीवर बसून गुडघा दाबत होती. बुरुलाय तिच्या शेजारी बसली. जीप यायला वेळ होता.